गाडीच्या विम्यात ‘एनसीबी प्रोटेक्ट’ घ्यावं का? पैसे भरण्याआधी हा हिशेब करून बघा

परभणी : कारचा विमा संपत आला की मोबाईलवर रिन्यूअलचे मेसेज सुरू होतात. लिंक उघडली की खाली चौकोनांची रांग दिसते. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रोड साइड असिस्टन्स, चावी हरवली तर अमुक, आणि त्यातच एक ‘एनसीबी प्रोटेक्ट’. प्रत्येक चौकोनापुढे पाचशे, आठशे, बाराशे असे आकडे. ऑनलाइन सेंटरवर गेलं तर समोरचा विचारतो, “भाऊ, हे पण टाकू का?” आपण म्हणतो, “टाक बरं, असू दे.” नाहीतर म्हणतो, “काढ सगळं, स्वस्तात बसव.” दोन्हीकडं हिशेब कुणीच करत नाही.

आम्हीही केला नव्हता. काही वर्षांपूर्वी जिंतूर रोडला अंधारात रानडुक्कर आडवं आलं आणि समोरचं बंपर फुटलं. माणसाला काही झालं नाही, गाडी चालत होती. बंपर आणि रंगकाम मिळून बिल साधारण नऊ हजार. विमा आहे तर घ्या की, म्हणून क्लेम केला. हातात आले पाच हजार. पुढच्या वर्षी रिन्यूअलचा आकडा बघितला तेव्हा कळलं की पाच वर्षं जपलेली निम्मी सूट गेली होती. त्या पाच हजारांसाठी किती घालवले, तो हिशेब खाली दिलाच आहे.

आधी एनसीबी म्हणजे काय ते नीट बघू

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर तुम्ही स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी कंपनी हप्त्यात सूट देते. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, सलग दोन वर्षं नसेल तर २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्याच्या वर जात नाही. हा तक्ता २००२ च्या मोटार टॅरिफमधला आहे. २००७ पासून हप्त्याचे दर ठरवायला कंपन्यांना मोकळीक मिळाली, पण एनसीबीच्या पायऱ्या सगळीकडं त्याच राहिल्या.

इथं एक मोठा गैरसमज आहे. ५० टक्के म्हणजे अख्ख्या बिलाच्या निम्मे नव्हे. विम्याच्या बिलात दोन मुख्य भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. जून २०२२ पासूनच्या दरानुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढच्या गाडीला ७,८९७ रुपये. यावर एक रुपयाचीही एनसीबी सूट नसते. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान. एनसीबी फक्त या भागावर मिळतो.

म्हणून ज्यांची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आहे त्यांना एनसीबीच नाही, मग त्याच्या संरक्षणाचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडं जुन्या गाड्यांना बहुतेक थर्ड पार्टीच असते. आधी आपला कागद उघडून बघा. ज्याला आपण बोलताना ‘फर्स्ट पार्टी’ किंवा ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, तो असेल तरच पुढचं तुमच्या कामाचं.

आणखी एक. चूक कुणाची होती हे एनसीबी बघत नाही. तुमची गाडी मोंढ्याबाहेर उभी आहे, उसाची ट्रॉली मागं घेताना कुणी दार चेपवलं आणि निघून गेलं. तुमचा काडीचा दोष नाही. पण दुरुस्तीचे पैसे तुम्ही तुमच्या कंपनीकडून घेतले की पुढच्या वर्षी एनसीबी शून्य. क्लेम दोन हजारांचा असो की दोन लाखांचा, शून्य म्हणजे शून्यच. तिथून परत २०, २५ अशी चढण सुरू.

क्लेम केला तर खरं किती जातं?

समजा तुमच्या कारचा ओन डॅमेजचा हप्ता सूट धरण्याआधी १०,००० रुपये आहे. ५० टक्के एनसीबी असेल तर तुम्ही ५,००० भरता. या वर्षी क्लेम केला. पुढच्या वर्षी सूट शून्य, म्हणून पूर्ण १०,००० भरावे लागतील. त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के सुटीनं ८,०००, मग ७,५००, मग ६,५००, मग ५,५००, आणि सहाव्या वर्षी परत ५,०००. क्लेम केलाच नसता तर दरवर्षी पाचच हजार लागले असते. म्हणजे जादा गेले ५,००० अधिक ३,००० अधिक २,५०० अधिक १,५०० अधिक ५००. एकूण १२,५०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

खरं तर गाडी जुनी होते तशी तिची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, कमी होते आणि हप्ताही उतरतो. दरवर्षी हप्ता दहा टक्क्यांनी उतरतो असं धरलं तर हे जादाचे पैसे साधारण ११ हजारांवर येतात. जीएसटी धरून १३ हजारांच्या आसपास. एका क्लेमची ही छुपी किंमत, आणि ती एकदम न जाता पाच वर्षांत हळूहळू जाते, म्हणून कळत नाही.

आता आमच्या त्या बंपरकडं या. बंपर पाच हजारांचं, रंगकाम चार हजारांचं. प्लास्टिकच्या भागावर विमा कंपनी निम्मा घसारा कापते, म्हणजे बंपरचे मिळाले अडीच हजार. रंगाच्या मालावरही निम्मी कपात असते. रंगकामाच्या एकत्र बिलात पाव भाग माल धरतात, त्याच्या निम्मे म्हणजे पाचशे गेले. राहिले सहा हजार. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची एक हजाराची वजावट. हाती पाच हजार. आणि त्यासाठी पुढच्या पाच वर्षांत १३ हजार मोजायची तयारी! त्या दिवशी गॅरेजवाल्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, “दादा, हे खिशातून करा.” ऐकलं नाही.

तर एनसीबी प्रोटेक्ट घ्या की न घ्या, पण किरकोळ दुरुस्तीचा क्लेम करण्याआधी दोन आकडे शेजारी ठेवा. कंपनीकडून प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम आणि पुढच्या पाच वर्षांत जाणारी सूट. पहिला आकडा लहान असेल तर क्लेम करू नका. मात्र गाडी उलटली, पुरात गेली, मोठी धडक झाली, तर एनसीबीचा विचारही करत बसू नका. लाखाच्या बिलापुढं तेरा हजार काहीच नाहीत. एनसीबी जपायचा म्हणून मोठा क्लेम सोडणारे लोकही आपण पाहिलेत.

मग प्रोटेक्ट काय करतं?

एनसीबी प्रोटेक्ट हे जादा पैसे भरून घ्यायचं कवच आहे. ज्या वर्षी ते पॉलिसीत आहे त्या वर्षी क्लेम झाला, तरी पुढच्या रिन्यूअलला तुमची सूट शून्यावर न येता बहुतेक ठिकाणी आहे त्याच टक्क्यावर थांबते. अपघात झाल्यावर ते घेता येत नाही, आधीच घेतलेलं असावं लागतं. आणि दरवर्षी त्याचे पैसे नव्यानं भरावे लागतात.

किंमत कंपनीगणिक, गाडीगणिक वेगळी. वरच्याच उदाहरणात ते ८०० रुपयांना मिळतं असं धरू, जीएसटी धरून ९४४. तुमच्या कोटेशनवर जो आकडा दिसेल तो इथं घालायचा. ५० टक्के एनसीबीवाल्याचं एका क्लेमला १३ हजारांचं नुकसान वाचतं. १३ हजारांना ९४४ नं भागलं की चौदाच्या आसपास येतं. म्हणजे चौदा वर्षांत एखादा तरी क्लेम करावा लागेल असं वाटत असेल, तर हे कवच महाग नाही. आपल्या रस्त्यांवर चौदा वर्षं विनाक्लेम गाडी चालवणारा माणूस असला तर त्याचा सत्कारच केला पाहिजे.

पण हेच कवच २० टक्के एनसीबीवाल्यानं घेतलं तर गणित फिरतं. त्याच्याकडं गमवायलाच कमी आहे. क्लेमनंतर त्याची सूट वीसवरून शून्यावर जाते, पण एका वर्षात परत वीसवर येते. पायऱ्या एक वर्ष मागं पडतात, इतकंच. त्याच दहा हजारांच्या हप्त्यावर त्याचं एकूण नुकसान जीएसटी धरून पाच हजारांच्या आसपास बसतं. त्याला तेच ९४४ रुपये भरायचे असतील तर दर पाच-सहा वर्षांत एक क्लेम झाला तरच वसूल. शिवाय कित्येक कंपन्या कमी एनसीबी असलेल्याला हे कवच देतच नाहीत.

आणि जुनी गाडी? आयडीव्ही दीड लाखावर आली, ओन डॅमेजचा मूळ हप्ता तीन हजारांवर आला, तर ५० टक्के एनसीबी गेला तरी पाच वर्षांत मिळून जास्तीत जास्त चार हजारांचा फटका. तिथं या चौकोनावर टिक करण्यात अर्थ नाही.

बारीक अक्षरांत काय असतं

आता ज्या गोष्टी मेसेजमध्ये लिहीत नाहीत, त्या.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची. हे कवच तुमची सूट वाचवतं, हप्ता वाचवत नाही. क्लेम झाल्यावर कंपनी मूळ हप्ताच वाढवू शकते. समजा सूट ५० टक्के कायम राहिली, पण मूळ हप्ता दहा हजारांचा बारा हजार केला, तर तुम्ही पाचाऐवजी सहा हजार भरणार. कागदावर ५० टक्के तसेच दिसतात. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये असं संरक्षण खूप लोक घेतात. तिथल्या बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं कार विम्याची चौकशी केली, तेव्हा ग्राहकांना हे कवच नेमकं काय देतं तेच समजत नाही, असं आढळलं. मग २०१५ च्या आदेशानं कंपन्यांना बंधन घातलं की, या कवचाची किंमत वेगळी दाखवा आणि सूट वाचली तरी हप्ता वाढू शकतो, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडं ते स्वतःच विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट, कंपनी बदलली की काय? साधा एनसीबी तुमच्या नावावर असतो, तो घेऊन तुम्ही कोणत्याही कंपनीकडं जाऊ शकता. पण क्लेम झालेला असताना कवचामुळं वाचलेला एनसीबी बहुतेक त्याच कंपनीकडं रिन्यू केलं तरच चालतो. दुसरी कंपनी मागच्या वर्षी क्लेम झाला एवढंच बघते आणि शून्य धरते. म्हणजे कंपनीनं मूळ हप्ता वाढवला तरी तुम्ही तिथंच अडकलात. हप्ता वाढला म्हणून सोडावं तर सूट जाते, सूट ठेवावी तर वाढीव हप्ता भरा. घेण्याआधी विचारा, “क्लेम झाल्यावर दुसरीकडं गेलो तर?” आणि उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या अटीत दाखवायला सांगा.

तिसरी, किती क्लेमपर्यंत? कुठं वर्षात एकच क्लेम चालतो, कुठं दोन. त्याच्या पुढं गेलात की कवच संपलं. काही कंपन्यांत गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर ते लागू होत नाही. काही ठरावीक वर्षांपेक्षा जुन्या गाडीला देत नाहीत. हे सगळं कंपनीगणिक बदलतं, म्हणून शेजाऱ्याला मिळालं तसं आपल्याला मिळेलच असं नाही.

पैसे थोडे असतील तर आधी कशावर टाकायचे?

आमचं मत विचाराल तर एनसीबी प्रोटेक्ट हा पहिला चौकोन नाही. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर आधी झिरो डेप. वर बंपरच्या बिलातले तीन हजार घसाऱ्यात गेले ते त्यानं वाचले असते. आणि मोठ्या अपघातात ही कपात हजारांत नाही, पन्नास-साठ हजारांत जाते.

दुसरा नंबर आपल्या जिल्ह्यात इंजिन प्रोटेक्टचा. गोदावरी, पूर्णा, दुधना आणि त्यांना मिळणारे ओढे. पावसाळ्यात गावाच्या वाटेवरच्या पुलावरून पाणी जाणं काही नवीन नाही. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला दोन दिवसांत जिल्ह्याची काय अवस्था झाली, ते सगळ्यांनी बघितलं. पाण्यात गाडी बंद पडल्यावर लोक परत परत सेल मारतात, पाणी इंजिनात ओढलं जातं आणि इंजिन जातं. साध्या पॉलिसीत कंपनी म्हणते, पुरानं नाही, तुम्ही सेल मारल्यानं गेलं, आणि इंजिनचे पैसे नाकारते. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी काढा, ढकलून नाहीतर टो करून बाहेर घ्या. कवच असो-नसो, हे लक्षात ठेवा.

या दोन्ही नंतर पैसे उरत असतील, एनसीबी ३५-४५ टक्क्यांच्या वर गेला असेल, गाडी तीन-चार वर्षांची असेल, रोज नांदेड नाहीतर छत्रपती संभाजीनगरकडं पळत असेल किंवा वाड्याबाहेर उघड्यावर उभी राहत असेल, गारपिटीत टप चेपायची भीती असेल, तर प्रोटेक्ट घ्या. घरी पत्र्याखाली उभी राहणारी आणि बाजाराला, लग्नकार्याला तेवढी निघणारी गाडी असेल तर राहू द्या.

एका माणसाला मात्र आम्ही नक्की घ्या म्हणू. ज्याचा एनसीबी ५० टक्के आहे आणि जो एक-दोन वर्षांत गाडी बदलणार आहे. कारण एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकली की कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीला तीच सूट लागते. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता २५ हजार असेल तर एका झटक्यात साडेबारा हजार वाचतात. गाडी बदलायच्या आदल्या वर्षीच क्लेम होऊन ते गेलं तर जीव हळहळतो. फक्त कवचावर वाचलेली सूट नव्या गाडीला त्याच कंपनीत लावून मिळेल का, हे आधी विचारून घ्या.

यातूनच जुनी गाडी घेणाऱ्यांचा घोळ होतो. पुण्या-मुंबईहून आणलेल्या गाडीच्या पॉलिसीवर ५० टक्के एनसीबी दिसतो आणि आपण तोच पुढं चालवतो. तो आधीच्या मालकाचा. तुमची सुरुवात शून्यापासून. अपवाद एकच, मालक वारला आणि गाडी नवरा-बायको, मुलं किंवा आई-वडिलांकडं आली, तर एनसीबी त्यांना मिळू शकतो.

फुकटात जातो तो एनसीबी

क्लेम न करताही एनसीबी जातो, आणि आपल्याकडं तो असाच जास्त जातो. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केली नाही तर सगळी सूट शून्य. पॉलिसी १० जूनला संपली तर ८ सप्टेंबर हा शेवट. जून म्हणजे पेरणीचं तोंड. बियाणं, खत, मजुरी यात पैसा अडकलेला. माणूस म्हणतो, सोयाबीन आलं की भरू. सोयाबीन येतं ऑक्टोबरात. तोवर पाच वर्षांची कमाई गेलेली असते, तीही कुठलं प्रोटेक्ट वाचवत नाही. शिवाय मधल्या काळात विमाच नसतो. पोलिसांनी धरलं तर विना विमा गाडीला पहिल्यांदा दोन हजार, परत सापडल्यास चार हजार दंड. आणि कुणाला उडवलं तर भरपाई स्वतःच्या जमिनीतून. ज्यांची तारीख मे-जूनला येते त्यांनी आठशेचं प्रोटेक्ट घेण्यापेक्षा तेवढे पैसे बाजूला ठेवून रिन्यूअल वेळेत करावं.

दुसरा धोका फॉर्ममध्ये. ऑनलाइन विमा काढताना प्रश्न येतो, मागच्या वर्षी क्लेम केला होता का? घाईत किंवा हप्ता कमी दिसावा म्हणून ‘नाही’ वर टिक होते. कधी एजंट स्वतःच करतो आणि म्हणतो, कुणाला कळत नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीकडं विचारणा करू शकते, आणि नेमकं तुम्ही क्लेम करता तेव्हाच हे बाहेर येतं. मग क्लेम नाकारला जातो किंवा कापला जातो. सही तुमची असते, एजंटची नाही. ओटीपी सांगण्याआधी त्या प्रश्नापुढं काय भरलंय ते एकदा बघा.

प्रोटेक्टचे पैसे घेऊनही कंपनीनं रिन्यूअलला सूट शून्य दाखवली, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तिथं दाद लागली नाही तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री नंबरवर तक्रार करता येते. त्याच्या पुढं पुण्यातलं विमा लोकपाल कार्यालय आहे, तिथं वकील लागत नाही आणि फीही नाही. जुनी पॉलिसी, नवी पॉलिसी आणि पैसे भरल्याची पावती, तिन्ही मोबाईलमध्ये एका फोल्डरात ठेवलेल्या बऱ्या. तक्रारीला पहिल्यांदा तेच मागतात.